पुण्यात जुनं शिकारी रिव्हॉल्व्हर कायदेशीर घ्यायचंय? अर्जापासून रेंजवरच्या पहिल्या गोळीपर्यंत

माझ्याकडे स्मिथ अँड वेसनची किट गन आहे. पॉइंट २२, चार इंची नळी, सहा गोळ्या, अक्रोडाची मूठ एका बाजूने घासून गुळगुळीत झालेली. कंपनीने हे मॉडेल १९३५ च्या आसपास काढलं ते छोटी शिकार करणारे, मासे धरणारे, जंगलात तंबू ठोकून राहणारे अशा लोकांसाठी, सामानाच्या किटमध्ये मावावं म्हणून नावच किट गन. आपल्याकडे अशा मुळात थोड्या आल्या, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी हत्यार आणायला बंदी आहे, त्यामुळे ज्या आहेत त्याच एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरतायत.

ही हातात यायला मला तीन वर्षं लागली. त्यातली दीड गेली ती मला काही गोष्टी कोणी आधी सांगितल्या नाहीत म्हणून. आता रेंजवर (नेमबाजीच्या जागी) कोणी नवीन आलं की तेच प्रश्न विचारतात, बोअर म्हणजे काय, अँटिकला लायसन्स लागतं का, अर्ज कुठे करायचा, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढतोय.

सुरू करायच्या आधी एक. शिकार हा विषय डोक्यातून काढा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि मुळशीत मित्राचं फार्महाऊस आहे, रात्री रानडुक्कर येतं वगैरे कारणं त्याच्यापुढे चालत नाहीत. शिकारी रिव्हॉल्व्हर हे त्या हत्याराचं घराणं झालं, आपण चालवायचं ते रेंजवर, कागदावर.

१. आधी ठरवा: चालणारं हवंय की भिंतीवर लावायचं

जुन्या बाजारात, ओळखीतून, व्हॉट्सॲपवरून तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल की "अँटिक आहे, याला लायसन्स लागत नाही." हे अर्धवट खरं आहे आणि म्हणूनच घातक आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती जुनाट बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त अशा हत्याराला, आणि तेही दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही चालू शकत नसेल तरच. दुरुस्ती करून हा शब्द नीट वाचा. घोड्याची स्प्रिंग तुटलेलं १९२० सालचं रिव्हॉल्व्हर हे बंद पडलेलं हत्यार आहे, सूट मिळालेलं नाही. स्प्रिंग बसवली की ते चालतं, म्हणजे ते फायरआर्म आणि त्याला लायसन्स पाहिजे. बिनलायसन्स सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षाच २ वर्षांची आहे.

घरातच आजोबांचं किंवा वडिलांचं असेल तर तुमचा रस्ता वेगळा आणि जरा सोपा. शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाला लायसन्स देण्याची तरतूद आहे, परवानाधारक गेल्यानंतर तर आहेच, पण ते हयात असताना वयाची ७० वर्षं झाली किंवा हत्यार २५ वर्षं त्यांच्याकडे असलं तरी ते वारसाला नेमून देऊ शकतात. घरात मृत्यू झाला असेल तर मात्र हत्यार कपाटात ठेवून "बघू दिवस झाल्यावर" करू नका. लवकरात लवकर जवळच्या पोलीस स्टेशनात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करा, पावती घ्या, मग अर्ज करा. दुःखात हे कोणाला सुचत नाही हे मी जवळून पाहिलंय, म्हणून नातेवाइकांपैकी एकाने हे काम अंगावर घ्यावं.

आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं, वारसाहक्काने आलेली धरून. आधी ही मर्यादा ३ होती, डिसेंबर २०१९ पासून २ झाली. तेव्हा "कलेक्शन" करायची स्वप्नं असतील तर ती दोनातच बसवायची आहेत, म्हणून घाई करून पहिलं दिसेल ते घेऊ नका.

२. बोअर समजून घ्या, यावर जास्त वेळ घालवा

सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ इथे वाया जातो, म्हणून मी इथेच जास्त बोलणार आहे.

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप, पॉइंट २२ म्हणजे साधारण ०.२२ इंच. पहिली पायरी, प्रोहिबिटेड बोअर (बंदी असलेलं) आणि नॉन प्रोहिबिटेड बोअर (बंदी नसलेलं), लोक पीबी आणि एनपीबी म्हणतात. ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ ची रिमवाली (बुडाला बाहेर आलेला काठ असलेली) काडतुसं बसतात आणि उडतात ती पीबीत जातात, तसंच सर्व्हिस ९ मिमी. आता जुन्या हत्यारांच्या शौकिनाला पहिल्यांदा काय आवडतं तर वेब्ली मार्क ६, १९१५ सालचं मॉडेल, भरदार, मधून मोडून उघडणारं. ते .४५५ आहे. एनफिल्ड नंबर २ आवडतं, ते .३८०. दोन्ही पीबी, त्याचं लायसन्स पुण्यातलं ऑफिस देऊ शकत नाही, ते दिल्लीहून गृह मंत्रालयातून येतं आणि आपल्यासारख्या साध्या माणसाला मिळायची आशा ठेवू नये. तेव्हा वेब्लीचा फोटो बघून टोकन दिलं असं करू नका.

मग उरतं काय, तर मुख्यतः पॉइंट ३२ आणि पॉइंट २२. इथे दुसरा खड्डा आहे. पॉइंट ३२ हे एकच काडतूस आहे असं सगळे समजतात. नाही. पॉइंट ३२ स्मिथ अँड वेसन म्हणजे आखूड, पॉइंट ३२ स्मिथ अँड वेसन लाँग म्हणजे आपल्याकडच्या फॅक्टरीचं नेहमीचं, पॉइंट ३२ कोल्ट अजून वेगळं, पिस्तुलाचं ७.६५ मिमी वेगळं, आणि सगळ्यात फसवं म्हणजे ३२ डब्ल्यूसीएफ, ज्याला ३२-२० पण म्हणतात. हे विंचेस्टर कंपनीने १८८२ मध्ये रायफलसाठी काढलं, नंतर कोल्टने त्यात रिव्हॉल्व्हर केली, छोट्या शिकारीला अमेरिकेत खूप चाललं. काडतूस बाटलीच्या आकाराचं, बुडाशी जाड. आपलं नेहमीचं ३२ लाँग त्यात आत जातं पण सैल बसतं, उडवलं तर पुंगळी (काडतुसाचं पितळी आवरण) फाटू शकते.

मला पहिलं जे रिव्हॉल्व्हर मिळत होतं ते हेच होतं. कोल्ट, निळसर काळा रंग अजून शाबूत, विकणारे काका सत्तरीच्या पुढचे, अगदी सज्जन, त्यांच्या लायसन्सवर फक्त "३२ बोअर" लिहिलेलं. त्यांनी स्वतः चाळीस वर्षांत एकही गोळी उडवली नव्हती, त्यामुळे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मी सौद्यापर्यंत आलो होतो. रेंजवरच्या सरांनी नळीवरचा फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "अरे हे वाच ना काय लिहिलंय." नळीच्या डाव्या बाजूला स्पष्ट ३२ डब्ल्यूसीएफ. काडतूस इथे मिळणार नाही, म्हणजे लाखांत पैसे देऊन ते कपाटात ठेवायचं. तेव्हापासून माझा नियम, विकणारा काय म्हणतो आणि लायसन्सवर काय लिहिलंय हे नंतर, आधी लोखंडावर काय कोरलंय ते वाचायचं, भिंग घेऊन.

पॉइंट २२ मध्येपण एक फसायची जागा आहे. किट गनचं पॉइंट २२ लाँग रायफलचं (हे काडतुसाचं नाव आहे, रायफल नाही) मॉडेल आणि पॉइंट २२ मॅग्नमचं मॉडेल ५१, हे दिसायला जवळपास सारखे. मॅग्नमच्या चेंबरमध्ये (सिलिंडरमधलं गोळी बसायचं भोक) लाँग रायफलची गोळी सैल बसते, ती उडवायची नाही. मी लाँग रायफल घेतलं कारण रेंजवर सगळे तेच वापरतात आणि काडतूस मिळायची चिंता नाही.

जाता जाता, हे पुण्याच्या माणसाला आवडेल म्हणून सांगतो. फॅक्टरीच्या पॉइंट ३२ काडतुसाच्या बुडावर केएफ हा शिक्का दिसतो, तो आपल्या खडकीचा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे. जुन्या गोऱ्या लोकांच्या स्पेलिंगमध्ये खडकीचं किरकी, म्हणून के.

३. हत्याराच्या आधी रेंजवर जायला लागा

लायसन्सच्या अर्जात "मला आवडतं" हे कारण चालत नाही. कायद्यात रायफल क्लबच्या सभासदाला टार्गेट प्रॅक्टिससाठी पॉइंट २२ रायफल किंवा एअर रायफल यासाठी सरळ वाट आहे, रिव्हॉल्व्हरला ती नाही, रिव्हॉल्व्हरला तुम्हाला सबळ कारण दाखवायला लागतं आणि ते पटणं न पटणं अधिकाऱ्याच्या हातात. म्हणून खरं खेळायला लागा. बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात शूटिंग रेंज आहे, शहरात एअर पिस्टल शिकवणारे क्लबही बरेच आहेत. वर्षभर १० मीटर एअर पिस्टल मारा, सभासदत्वाच्या पावत्या, स्कोअरशीट, जिल्हा-राज्य स्पर्धेची सर्टिफिकेटं असतील तर ती, सगळं एका फोल्डरमध्ये तारखेने लावत जा.

याचा खरा फायदा फाइलला नाही, तुम्हाला आहे. बोट चापावर कधी ठेवायचं, नळी कुठे असायला पाहिजे, रेंज ऑफिसर "स्टॉप" म्हणाला की काय करायचं हे अंगात भिनायला महिने लागतात. ज्याने एअर पिस्टल पण कधी धरलं नाही त्याने पहिल्यांदा हातात घ्यावं ते सत्तर वर्षं जुनं रिव्हॉल्व्हर नसावं, हे माझं ठाम मत आहे.

४. फाइल कुठल्या ऑफिसची ते आधी नक्की करा

पुणे जिल्ह्यात तीन वेगळे अधिकारी आहेत. पुणे शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल (कोथरूड, पेठा, हडपसर) तर पुणे पोलीस आयुक्त. वाकड, चिंचवड, निगडी या बाजूला असाल तर पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्त, ते आयुक्तालय २०१८ ला वेगळं झालं. भोर, वेल्हे, जुन्नर अशा ग्रामीण भागात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय.

आधार कार्डावर एक पत्ता आणि राहता दुसरीकडे असं असेल तर आधी आधार बदला. मी कोथरूडहून वाकडला आलो होतो, आधार जुनंच, फाइल दिली जुन्या पत्त्यावर, चौकशीला माणूस आला तेव्हा तिथे भाडेकरू. सगळं पहिल्यापासून. आठ महिने गेले.

अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो, शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसच्या सरकारी पोर्टलवर, आणि लायसन्स झालं की त्यावर तुमचा यूआयएन नंबर, म्हणजे तुमचा एकट्याचा ओळख क्रमांक, पडतो. यूआयएन नसलेलं लायसन्स कोणी दाखवलं तर त्या माणसाशी व्यवहारच करू नका. आणि "दुसऱ्या राज्यातून करून देतो, दोन महिन्यांत" म्हणणारे एजंट भेटतील, त्यांना चहा पण पाजू नका. जम्मू-काश्मीरमधून असे बोगस परवाने वाटल्याचं प्रकरण सीबीआयपर्यंत गेलेलं आहे.

५. कागदपत्रं

मी जी लावली ती सांगतो, तुमच्या ऑफिसने अजून एखादं मागितलं तर वाद न घालता द्या.

- फॉर्म ए-१, ऑनलाइन भरून त्याची सही केलेली प्रिंट
- पांढऱ्या बॅकग्राउंडचे पासपोर्ट फोटो, चार लागतात, आठ काढून ठेवा
- जन्मतारखेचा पुरावा (वय २१ पूर्ण पाहिजे)
- आधार, पॅन, आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, लाइट बिल किंवा खरेदीखत किंवा रजिस्टर्ड भाडेकरार
- तीन वर्षांचे आयटी रिटर्न
- डॉक्टरचं शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं सर्टिफिकेट, नशेच्या पदार्थांवर अवलंबून नाही हा उल्लेख त्यात हवाच, ठरलेल्या फॉर्ममध्येच घ्या, साध्या लेटरहेडवर चालत नाही
- शस्त्र हाताळणीच्या सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, फॉर्म एस-१
- हत्यार घरी सुरक्षित कसं ठेवणार याचं हमीपत्र
- क्लबचं सभासदत्व, स्कोअरशीट, सरांचं पत्र
- वारसाचा मामला असेल तर मृत्यू दाखला, जुनं मूळ लायसन्स, हत्यार जमा केल्याची पावती, आणि बाकी वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र

प्रत्येक कागदाचे तीन सेट झेरॉक्स. आणि जे काही द्याल त्याचा आवक नंबर दुसऱ्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, हसत घ्या पण घ्या. माझा मेडिकलचा कागद एकदा फाइलमध्ये सापडत नव्हता, आवक नंबर होता म्हणून पाच मिनिटांत निघाला.

६. चौकशी आणि मुलाखत

पोलीस स्टेशनातून बोलावणं येतं, जबाब होतो, शेजारीपाजारी विचारपूस होते, जुने गुन्हे वगैरे तपासतात. पूर्वीची एखादी एनसी (अदखलपात्र तक्रार), सोसायटीच्या भांडणातली का असेना, असेल तर स्वतःहून सांगा. लपवलेली सापडली की फाइल तिथेच बसते. खोटं सांगितलं नाही तर घाबरायचं काही नाही.

मुलाखतीत मला विचारलं की पिस्टल सोडून रिव्हॉल्व्हरच का, आणि ठेवणार कुठे. मी घरच्या भिंतीत बोल्ट मारलेल्या लॉकरचा फोटो घेऊन गेलो होतो, तो दाखवला. घरात लहान मुलं आहेत का हा पण प्रश्न आला, आहेत म्हटलं, चावी कोणाकडे ते सांगितलं. अशी उत्तरं खरी असली की आपोआप सरळ येतात. नकार आला तर कारण लेखी मागा आणि मुदतीत अपील करा, पण चिडून ऑफिसात आवाज चढवू नका.

लायसन्स हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, पत्ता, हत्याराचा प्रकार, बोअर, कुठल्या भागात वैध आहे, काडतुसं एका वेळी किती आणि वर्षाला किती, हत्यार कधीपर्यंत विकत घ्यायचंय. मुदत ५ वर्षांची असते.

७. हत्यार बघायला जाताना

डीलरच्या दुकानात बघा, नाहीतर मालकाच्या घरी, रस्त्यावर गाडीत कधीच नाही. सोबत भिंग, छोटा टॉर्च, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि एक वही. जमलं तर रेंजवरचं कोणीतरी जाणतं माणूस.

हातात घेतलं की पहिलं काम सिलिंडर उघडून सहाही चेंबर रिकामे आहेत हे डोळ्याने बघायचं, मालकाने आत्ताच दाखवलं असलं तरी. मग नंबर. स्मिथ अँड वेसनच्या या जुन्या छोट्या फ्रेमवर मुठीच्या बुडाशी, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या बाजूला असा नंबर असतो, तिन्ही जुळले म्हणजे भाग बदललेले नाहीत. मुठीवरचा नंबर आणि मालकाच्या लायसन्सवरचा नंबर अंक न अंक जुळला पाहिजे. नंबर घासलेला, परत ठोकलेला दिसला तर नमस्कार करून उठा, नंबर पुसणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो तुमच्या गळ्यात पडेल. मूळ नळी कापून आखूड केलेली असेल तरी तसंच.

सिलिंडर बाहेर काढल्यावर आतल्या फ्रेमवर मॉडेल नंबर असतो, तो १९५७ पासून ठोकायला लागले, किट गनला ३४ मिळाला. माझीवर तो नाही, आणि मुठीत चपटी नाही तर गोल स्प्रिंग आहे, ती १९५३ च्या मॉडेलपासून आली. म्हणजे मधल्या चार वर्षांतलं. नेमकी तारीख हवी तर स्मिथ अँड वेसनच्या ऐतिहासिक रेकॉर्डमधून नंबरवरून पत्र मागवता येतं, कलेक्टर लोक त्या पत्राला फार मानतात. ब्रिटिश हत्यार असेल तर बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या प्रूफ हाऊसचे (हत्यार जोरदार काडतुसाने तपासणारी संस्था) मुकुटाचे शिक्के शोधा, नायट्रो पावडरसाठी (आजची बिनधुराची दारू) प्रूफ आहे का काळ्या दारूसाठी हे त्यावरून कळतं. काळ्या दारूच्या हत्यारात आजचं काडतूस घालायचं नाही.

यंत्र तपासायचं ते असं. घोडा हळू मागे ओढा, पूर्ण मागे जायच्या आत सिलिंडर खटकन लॉक झाला पाहिजे, सहाही चेंबरला. मग सिलिंडर डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवून बघा, किंचित हालचाल चालते, खुळखुळ चालत नाही. सिलिंडर आणि नळी यामधली फट फीलर गेजने मोजा, एका इंचाचे चार ते दहा हजारांश भाग यात असावी. नळीत टॉर्च मारून खड्डे, फुगवटा बघा. पॉइंट २२ मध्ये चाप रिकामा ओढायचा नाही, फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आदळते, तिथे खड्डा पडतो. आधीच्या मालकाने असं वर्षानुवर्षं केलं असेल तर काठावर खूण दिसेल, भिंगाने सहाही काठ बघा. १९३५ च्या आधीची पॉइंट २२ असेल तर पुंगळीची रिम चेंबरमध्ये पूर्ण बुडते का ते बघा, बुडत नसेल तर हाय व्हेलॉसिटी काडतूस त्यात कधीच घालू नका.

आणि पॉलिश करून "नवी" केलेली घेऊ नका. घासलेला पण मूळचा रंग मला नव्या निकेलपेक्षा शंभर पट आवडतो, बाजारात किंमतही त्यालाच आहे. शिवाय पॉलिशमध्ये शिक्के जातात, आणि शिक्के गेले की मग आपण वाचायचं काय.

८. व्यवहार

डीलरमार्फत केला तर कागद तो करतो. थेट परवानाधारकाकडून घेत असाल तर शस्त्र अधिनियमाचं कलम ५ नीट पाळा: विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला आधी लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव पत्ता देऊन, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. ४५ दिवस व्हायच्या आत हत्यार हलवायचं नाही, "तुमच्याकडेच ठेवा, कागद नंतर करू" हे चालत नाही. पोचपावतीची झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा, पैसे चेकने किंवा बँकेतून.

हत्यार ताब्यात आलं की लगेच परवाना शाखेत दाखवून लायसन्सवर नोंद. माझ्या नोंदीत नंबरातला एक अंक चुकला होता, ३ चा ८ झाला होता. कारकुनाच्या टेबलासमोरच हत्यार आणि लायसन्स शेजारी ठेवून वाचलं म्हणून सापडलं, त्यांनीही लगेच दुरुस्त करून शिक्का मारून दिला. घरी येऊन दोन वर्षांनी लक्षात आलं असतं तर माझ्याकडे नोंद नसलेलं हत्यार आहे असा अर्थ झाला असता.

निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते. आली की मुदतीत जमा करा, जमा करायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पावतीवर नंबर आणि अवस्था लिहून घ्या. जुन्या हत्याराला तिथे ओरखडा पडला तर तो भरून येत नाही, म्हणून मी जाड कापडाची पिशवी सोबत देतो.

९. रेंजवर, पहिल्यांदा

कुठल्याही शेतात, टेकडीवर, खाणीत नाही. पॉइंट २२ ची गोळी फक्त ४० ग्रेनची असते पण चुकलेली दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. लग्नात, वाढदिवसाला हवेत उडवणं तर सरळ गुन्हा, २ वर्षांपर्यंत शिक्षा किंवा १ लाखापर्यंत दंड. रेंजला आधी फोन करून विचारा की तुमचं स्वतःचं सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणारं) किंवा पॉइंट २२ रिव्हॉल्व्हर तिथे चालवू देतात का, कुठल्या दिवशी, रेंज ऑफिसर कोण.

नेताना हत्यार रिकामं, कुलूपबंद केसमध्ये, काडतुसं वेगळ्या डब्यात, मूळ लायसन्स खिशात. घरातून रेंज, रेंजवरून घर, मध्ये नाश्त्याला गाडी लावून हॉटेलात बसायचं नाही.

चालवायच्या आधी लायसन्सवाल्या गनस्मिथकडून तपासून घ्या, मी घेतलं, त्यांनी आतलं चाळीस वर्षांचं वाळलेलं ग्रीस काढलं. काडतुसं नवीन, डीलरकडून लायसन्सवर नोंद करून घेतलेली, स्टँडर्ड व्हेलॉसिटी. जुन्या मालकाने "सोबत हा डबा पण घ्या" म्हणून दिलेला डबा घेऊ नका, त्याचीही वेगळी नोंद लागते आणि जुनी रिमफायर (पॉइंट २२ सारखी, काठावर ठोका बसणारी) काडतुसं दगा देतात.

डोळ्यांना चष्मा, कानांना मफ. मग:

पहिल्यांदा सहापैकी एकच काडतूस भरा. १० मीटरवर मोठा कागद. डावा हात मुठीच्या खालीच, सिलिंडरच्या पुढे बोट जाता कामा नये, त्या फटीतून गरम गॅस आणि शिशाचे कण बाजूला उडतात. एक गोळी, मग नळी टार्गेटकडेच ठेवून सिलिंडर उघडा, पुंगळी काढून बघा. रिमवर पिनचा ठसा स्वच्छ आहे का, पुंगळी फुगली, चिरली आहे का. अशा सहाही चेंबरमधून एकेक. वहीत चेंबरप्रमाणे लिहा. शेजारी उभ्या माणसाला शिशाचे कण टोचले तर चेंबर आणि नळी एका रेषेत येत नाहीयेत, तिथेच थांबा.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही तर नळी टार्गेटकडेच धरून निदान अर्धा मिनिट मोजा, गोळी उशिरा सुटू शकते. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, फुस्स झालं, तर पुढची गोळी कुठल्याही परिस्थितीत नाही. रेंज ऑफिसरला हाक मारा, सिलिंडर उघडून रिकामा करा, नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा. आत अडकलेल्या गोळीवर दुसरी मारली तर नळी फुगते आणि सत्तर वर्षं जपलेली वस्तू एका सेकंदात संपते, हाताचं काय होईल ते वेगळंच.

माझ्या चौथ्या चेंबरला पहिल्यांदा गोळी उडाली नाही. अर्धा मिनिट थांबलो, छाती धडधडत होती. काढून बघितलं तर रिमवर ठसा हलका. ते काडतूस बाजूला ठेवलं, दुसरं भरलं, तेही तसंच. त्या दिवशी पाचच चेंबर वापरले. नंतर गनस्मिथने दाखवलं, त्याच चेंबरच्या काठावर जुनी खूण होती, रिकामा चाप ओढल्याची, जी मी भिंगाने बघताना नीट वाचली नव्हती. त्यांनी योग्य अवजाराने काठ सारखा करून दिला, घरी कानशीने हे करू नका.

१०. परत आल्यावर

रेंजवरच हात गार पाण्याने साबण लावून धुवा, शिसं असतं, मग पाणी प्या. घरी नळी ब्रशने, सिलिंडरचा पुढचा चेहरा मऊ कापडाने, शेवटी तेलाचा अगदी पातळ हात, पुण्याच्या पावसाळ्यात आठवड्याला एकदा उघडून बघा कारण गंज रात्रीत धरतो. कातड्याच्या पाकिटात कायम ठेवू नका, कातडं ओल धरतं.

किती गोळ्या घेतल्या, किती उडवल्या, किती शिल्लक, हे तारखेने वहीत. पुंगळ्या टाकून देऊ नका, मोजून डब्यात ठेवा, पुढच्या वेळी काडतुसं घेताना डीलर हिशोब मागतो. त्या पहिल्या दिवशीच्या माझ्या पाच पुंगळ्या मात्र वेगळ्या डबीत आहेत, चेंबरचे नंबर पेनने लिहिलेल्या, आणि सहावी तीन आठवड्यांनी त्यात पडली.